एकविसावा रकाना

१

सोमवारी गठ्ठा जायचा आणि शनिवारी परत यायचा. मधले दिवस माझ्याच्यानं निघायचे नाहीत.

यंत्र पुण्यात होतं. ते आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. सोलापुरात होती ती फक्त भवानी पेठेतली एक लांबट खोली. खाली यंत्रमाग, वर आम्ही. सर्वेक्षणातल्या प्रत्येक माणसाचं एक जाड कागदाचं कार्ड. मथुराबाई फॉर्म बघून पंचिंग मशीनवर बोटं चालवायची आणि कार्डाला बारीक भोकं पडत जायची. खाली पडणाऱ्या कागदाच्या कणांना ती टिकल्या म्हणायची, चौकोनी असूनही. मागांच्या खडखडाटात आम्ही ओरडूनच बोलायचो. सवय अशी लागली होती की रविवारी घरीसुद्धा मी ओरडून बोलायचो.

एकूण दोन हजार तीनशे सोळा कार्डं. सगळ्यांच्या वर जॉब-कार्ड: काम कुणाचं, तातडी किती. तातडीच्या रकान्यात आम्हाला दोनच्या वर आकडा टाकायची परवानगी नव्हती. नऊवाल्या बड्या लोकांची कामं आमच्या डोक्यावरून पुढे जायची. मेणकापडात बांधलेली आमची पेटी रेल्वे पार्सलनं पुण्याला पोचायची, तिथं रांगेत पडायची, आणि नंबर लागला की यंत्र सगळी कार्डं एका दमात वाचून काढायचं. मग कार्डं आणि छापील कागद परत.

"अवो बीएस्सी," अण्णाराव म्हणायचे, "येरझाऱ्या घालून नंबर लवकर लागतो व्हय? यंत्राच्या दारातबी रांग हाय की." अण्णाराव आमच्या खोलीचे प्रमुख. बावीस वर्षं मिलमध्ये काढून आलेले. त्यांना कशाचीच घाई नसे.

मला होती. पंधरा जानेवारीला चौकशी समिती बसणार होती. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात आमच्या चार गावांच्या खडीकामांवर एकही माणूस दगावला नाही, असं कागदोपत्री लिहिलेलं होतं. मी त्या गावांत दारोदार फिरलो होतो. मेलेल्यांची नावं माझ्याकडे होती. त्यांचा आकडा यंत्राकडून छापून यावा, म्हणजे कुणाला तो पोरकटपणा म्हणता येणार नाही, एवढंच मला हवं होतं.

सगळं एकविसाव्या रकान्यात होतं. एक म्हणजे घरी. दोन म्हणजे बाहेरगावी गेलेला. तीन म्हणजे मयत. दोन असेल तर पुढे परत येण्याचा महिना हवा, कधीच येणार नसेल तर शून्य-शून्य. तीन असेल तर मृत्यूचा महिना. आणि तपासणीचा नियम मी स्वतः लिहिला होता: एक जरी कार्ड चुकलं तरी अख्खं काम परत पाठवायचं. अर्धंमुर्धं सत्य मला नको होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पेटी परत आली. कागदावर इंग्रजीत एकच ओळ होती. कार्ड क्रमांक ११०७, रकाना एकवीसमध्ये दोन, महिना कोरा. काम थांबवले.

"घ्या," अण्णाराव म्हणाले. "एका मानसापायी बाकी दोन हजार तीनशे पंधरा खोळंबले. कुनाचं कार्ड हाय?"

"बघतो," मी म्हणालो.

मला बघायची गरज नव्हती.

२

११०६ माझी अव्वा, म्हणजे आई, शिवबाई. ११०८ मी, भीमाशंकर. मधलं कार्ड अक्काचं.

आमचं गाव अक्कलकोटच्या पुढे, जिथं लोक एक वाक्य मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात. माझी थोरली बहीण चंद्रव्वा मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. मी सोलापुरात कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मी शिक्षण सोडून येतो म्हणालो तर तिनं हातोडा उगारला होता. हसत, पण उगारला होता.

हात चेचू नये म्हणून ती अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायची. तिची एक लय होती. दोन ठोके, मग थांबून डाव्या हातानं दगड फिरवायचा, मग एक ठोका. ठक् ठक्, आणि ठक्. शंभर बायकांत मी तिचा आवाज ओळखायचो.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात दुपारी ती खडीच्या ढिगावरच आडवी झाली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. हजेरीच्या मस्टरवर तिच्या नावापुढे कारकुनानं लिहिलं होतं, 'काम सोडून गेली.' मी त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, "अहो, गेली असंच सांगितलं मला. गेली म्हणजे काय लिहायचं मी?"

त्या एका शब्दासाठी मी हे सर्वेक्षण अंगावर घेतलं.

वर्षभरानं फॉर्म घेऊन आमच्याच घरी बसलो. अव्वा ज्वारी निवडत होती. बाकी घरी विचारायचो तसंच विचारलं, "चंद्रव्वा. वय सव्वीस. सध्या कुठं?"

अव्वानं मान वर केली नाही. "होदळ," ती म्हणाली. कानडीतही तोच शब्द. थोड्या वेळानं मराठीत म्हणाली, "गेली की रं."

माझ्या हातानं दोन आकडा लिहिला.

चुकून नाही. गावोगावी 'गेला' म्हटलं की मी खोदून विचारायचो, कुठं गेला, कसा गेला, खांदा कुणी दिला. लोक रडायचे, मी तीन लिहायचो आणि पुढच्या दाराला जायचो. पण तिथं पेन तीनकडे वळलंच नाही. "कधी परत येणार?" हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. रकाना कोरा सोडला. माझ्या स्वतःच्या कार्डावर मात्र मी दोन आणि शून्य-शून्य लिहिलं: बाहेरगावी, परत येणार नाही. त्या घरात बसणं मला सोसत नव्हतं.

निघताना मी म्हणालो, "जातो अव्वा."

"येतो म्हन," अव्वा म्हणाली.

मी म्हणालो नाही. त्यानंतर गावाकडे फिरकलोही नाही.

आता त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी पंचिंग मशीनशी बसलो. तीन मारायचं आणि महिना पाच. बोट दोनवर गेलं, मग शून्यावर, मग एकवर. जानेवारी. गड्ड्याच्या यात्रेला ती दर संक्रांतीला सोलापुरात यायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. यंत्राला काय, कुठलाही महिना चालला असता.

सोमवारी पेटी गेली.

३

शनिवारी पेटी परत आली. पुन्हा एकच ओळ. कार्ड ११०७. रकाना एकवीसमध्ये एक, तरी महिना भरलेला. काम थांबवले.

एक म्हणजे घरी.

मी कार्ड काढून खिडकीशी धरलं. दोनच्या जागी कागद कोरा, भोक एकच्या जागी. कागदाला पडलेलं भोक भरून येत नाही. म्हणजे हे माझं कार्ड नव्हतं, नवं होतं. मी स्वतःला समजावलं: पुण्याला कार्ड फाटलं असेल, तिथल्या माणसानं दुसरं मारून घातलं असेल, हात चुकला असेल. असं होतं. मथुराबाईला विचारलं तर तीही म्हणाली, "व्हतंय की सर. म्या सुदा दोनदा केलंय तसं."

मग मी गावाचा रकाना वाचला. आमच्या गावाचा क्रमांक तिथं नव्हता. सोलापूर शहर होतं, आणि पेठेचा क्रमांक आमच्याच पेठेचा. भवानी पेठेत माझी भाड्याची खोली होती. तो पत्ता पुण्यात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"पेटीत काय भरलं हुतं का वो?" मथुराबाई तळाशी बोट फिरवत म्हणाली. "ही बगा माती."

माती नव्हती. राखाडी, करकरीत पूड होती. बोटांवर चोळली की कातडीला टोचणारी. मी रुमालानं तिचे हात पुसले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

४

रविवारी सकाळी माझी घरमालकीण म्हाळसाबाई जिन्याखाली उभी होती.

"भीमाशंकर, तुजी भैन आलीया व्हय रं? सांगायचं तरी. येकटा मानूस म्हनून खोली दिली हुती."

"माझ्याकडे कोणी आलेलं नाही, मावशी."

"मग दुपारचं खोलीत ठोकतंय कोन? तू कामावर गेलास की सुरू. लई न्हाय, बारीक. दोनदा ठोकतंय, मग गप. मग येकदा."

मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिलो. चपलेला काही झालं नव्हतं.

"बाईचा हात हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "गडी मानूस असं थांबून थांबून ठोकत न्हाय."

वर जाऊन मी खोली बघितली. कॉट, ट्रंक, स्टोव्ह, कोपऱ्यात पाण्याची घागर. सगळं होतं तसं. फक्त घागर काठोकाठ भरलेली. मी ती कधीच भरत नसे, तांब्याभर पाणी आणलं तरी मला पुरायचं. अक्का आली की पहिलं काम ते करायची. रिकामी घागर घरात असू नये, असं तिचं म्हणणं.

घागर मीच भरली असेन आणि विसरलो असेन. ठोकणं खालच्या कारखान्याचं असेल, भिंतीतून येत असेल. मी संख्याशास्त्र शिकलेला माणूस. दोन ठोके आणि एक ठोका ही काही जगातली एकमेव लय नव्हे.

तरीही मी दार लावून घेतलं आणि हळूच म्हणालो, "अक्का?"

काहीच झालं नाही. मागही बंद होते. मी कितीतरी वेळ वाट बघत होतो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी आशेनं वाट बघत होतो. भीती तेव्हा वाटली. जी बाई खडीवर मेली तिला मी एका भोकानं परत बोलावलं होतं. आणि ती आली असेल तर माझ्या खोलीत बसून काय करत होती? मरण आलं तरी खडीच फोडत होती. माझ्यासाठी. अजून.

ते पाणी मी प्यायलो. तळाला पूड होती.

५

सोमवारी मी पेटी पाठवली नाही.

मंगळवारी अण्णारावांनी कार्ड माझ्यापुढे टाकलं. मागांच्या आवाजात ते कधी नव्हे ते हळू बोलले, आणि मला सगळं ऐकू आलं.

"बीएस्सी, ही चंद्रव्वा कोन?"

मी कार्ड पालथं घातलं.

"आडनाव वाचता येतंय मला."

"बहीण," मी म्हणालो. "खडीवर गेली."

"गेली म्हंजी?"

हा माझा प्रश्न होता. चार गावांत मी तो शेकडो वेळा विचारला होता.

अण्णाराव समोरच्या स्टुलावर बसले. "माजा थोरला श्रीमंत गेला, तवा रेशनकार्डावरचं नाव मी दोन वरसं काढलं न्हाय. दुकानदार इचारायचा, माणसं किती? मी म्हनायचो पाच. पाच जनांची साकर घेऊन यायचो. बायको डब्यात भरायची. कुनी खात न्हवतं ती. मुंग्या लागल्या." ते थोडं हसले. "तीन मारायला लई जड असतंय. पन तुमची अक्का रांगंत फुडं हुबी हाय, आन् तिच्या मागं सगळी मानसं. ती सरली न्हाय तर कुनाचाच नंबर लागत न्हाय. नियम तुमचाच हाय."

"माहीत आहे."

"येत्या सोमवारची पेटी शेवटची. त्याफुडं समितीला कागद पोचत न्हाईत."

ते घरी गेल्यावर मी मशीनशी बसलो. नवं कार्ड लावलं. नाव मारलं, वय मारलं. वीस रकाने भरले. एकविसाव्यावर येऊन कार्ड थांबलं आणि माझा हात मांडीवरच राहिला. तीन मारलं की माझी खोली रिकामी होणार होती. घागर भरणारं कुणी उरणार नव्हतं. एकेचाळीस माणसांना मी हातानं मोजून मेलेलं म्हटलं होतं, त्यातल्या चाळिसांसाठी मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

कार्ड तसंच मशीनवर सोडून मी निघून आलो.

६

बुधवारी पेठेत विजेची कपात असायची. दुपारी बारा ते चार माग बंद. त्या शांततेत पेठ ओळखू यायची नाही. कुठं पोर रडलं, कुठं भांडं पडलं, सगळं स्पष्ट.

मी जेवून परतलो तेव्हा मथुराबाई जिन्याच्या तळाशी डबा घेऊन बसली होती.

"वर उकडतंय सर. पंका न्हाय, काय न्हाय."

"वर कोण आहे?"

"कोन असनार? अण्णाराव पार्सल हाफिसात गेल्यात."

मी चार पायऱ्या चढलो आणि थांबलो.

वर पंचिंग मशीन चालत होतं.

मथुराबाईनंही ऐकलं असावं. तिचा घास हातातच राहिला. ते मशीन विजेवर चालायचं, आणि वीज नव्हती. ठक् ठक्. मग शांतता, कुणी काहीतरी हातात घेऊन फिरवावं एवढी. मग ठक्.

मी वर गेलो. किती पायऱ्या, मला आठवत नाही. दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून मशीनची फक्त डावी बाजू दिसत होती, खिडकीतल्या उन्हात. तिथं एक हात होता. मनगटापर्यंत पांढुरका, दगडाच्या पिठानं माखलेला. अंगठ्याला काळ्या ट्यूबचं वेटोळं. तो हात कार्डाची कड चाचपत होता, पारखत होता, जसा दगड पारखतात, कुठं मारला तर नीट फुटेल म्हणून.

तिला अक्षरओळख नव्हती. आकडे ती बोटांच्या पेरांवर मोजायची.

मला हाक मारायची होती. एक शब्द, अक्का. तो माझ्या घशाशी आला आणि मी तो गिळला. कारण हाक मारली असती तर तिनं वळून बघितलं असतं, आणि दीड वर्षानंतर ते तोंड कसं असेल याचा विचार माझ्या मनात आलाच. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

हात थांबला. माझं मन वाचल्यासारखा थांबला. मग हातोडा उचलावा तसा वर गेला, दिसेनासा झाला, आणि एकच ठोका पडला.

मी आत गेलो तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. कार्ड ट्रेमध्ये पडलं होतं. रकाना एकवीस: तीन. महिना: शून्य-पाच. भोकं अशी स्वच्छ की मथुराबाईच्या हातालाही ती कधी जमली नव्हती.

ज्या कामाला माझा हात धजत नव्हता ते तिनं केलं होतं. नेहमीसारखं. माझं शिक्षण, माझी घागर, आणि आता हे.

मी मशीनवर डोकं टेकून बसलो. मथुराबाई दारात आली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता जमिनीवरच्या टिकल्या गोळा करू लागली. त्यांत दगडाच्या कपच्या होत्या. त्याही तिनं गोळा केल्या.

७

तेवीस तारखेला पेटी गेली. अठ्ठावीसला परत आली. या वेळी कागद जाड होता, घडीवर घडी. काम पूर्ण. शेवटच्या पानावर चार गावांतल्या मृतांची बेरीज: बेचाळीस.

"बीएस्सी, जिंकलात," अण्णाराव म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ ठेवला.

"माझ्या मोजणीत एकेचाळीस होते. अक्का धरून."

"हातानं मोजताना येखादा सुटतोच की. यंत्र चुकतं व्हय?"

मीही तेच म्हणालो. गावाहून आल्यावर कार्ड न् कार्ड तपासायचं ठरवलं. कारण गावाला जाणं भाग होतं. गठ्ठा चाळताना माझं स्वतःचं कार्ड हाती आलं होतं, ११०८. महिन्याच्या रकान्यात मी शून्य-शून्य मारलं होतं. आता तिथं शून्य-एक होतं. भोकं स्वच्छ. अक्कानं मला घरी बोलावलं होतं, जानेवारीत. अव्वाचं ११०६ काढून बघायचं मला सुचलंच नाही. जानेवारीपर्यंत दम कुठला? मी दुसऱ्या दिवशीच सकाळची एसटी धरली. खोलीला कुलूप लावण्याआधी घागर भरून ठेवली.

अव्वा दारातच बसली होती. सात-आठ महिन्यांत ती एवढीशी झाली होती. पण हात चालू होते, ज्वारी निवडत होती.

"आलास?" ती म्हणाली. तिला नवल वाटलं नाही. सुपातून खडे काढून ती उंबऱ्याच्या कडेला ठेवत होती. तिथं खड्यांची लहानशी रास झाली होती, ज्वारीत निघतात त्यापेक्षा कितीतरी मोठी.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणालो, "अव्वा, मी त्या दिवशी येतो म्हणालो नाही."

"न्हाई तर न्हाई. आलास न्हवं?" तिनं माझ्या केसांत बोटं घातली. "चंद्री बोललीच हुती. परवा येऊन बसली हितं, घागर भरली. म्हनली, तम्मा येतोय, भाकरी जास्तीची टाक. आन् गेली."

मी डोकं वर केलं नाही. तिच्या पायांना कसलीशी करकरीत पूड लागलेली होती, ती माझ्या कपाळाला टोचत होती. मला वाटलं विचारू नये. पण शेकडो घरांत लागलेली सवय होती. ज्या एका घरात तो प्रश्न मी विचारला नव्हता, तिथं तो माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडला.

"कधी परत येणार?"

"संक्रांतीला," अव्वा म्हणाली. "मला न्यायला."